‘कशावरून?’ हा प्रश्न कोणत्या विषयाचा?

महाविद्यालयीन शिक्षणाच्या क्षेत्रात गेल्या दहा-बारा वर्षांत एका शब्दाचे प्रस्थ फार वाढले आहे. तो शब्द ‘आउटकम’. सरकारी मराठीने त्याचे ‘अध्ययन निष्पत्ती’ असे भारदस्त बारसे केले आहे. अमुक विषय अमुक तास शिकवला, एवढे सांगून आता प्राध्यापकांची सुटका होत नाही. तो शिकल्यानंतर विद्यार्थ्याला नेमके काय करता येऊ लागेल, हे त्यांना आधीच लिहून द्यावे लागते. कल्पना मुळात वाईट नाही. शिकवणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा तो पहिलाच प्रश्न आहे, आणि तो विचारण्याची सक्ती करावी लागली, हीच खेदाची गोष्ट. परंतु या निष्पत्तींच्या याद्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या की एक चमत्कार दिसतो. रसायनशास्त्राची यादी वेगळी, वाणिज्याची वेगळी, मराठी वाङ्मयाची वेगळी. ती तशी असावयासही हवी. मात्र एक कलम सर्वत्र तेच, आणि पुष्कळदा त्याच शब्दांत: विद्यार्थ्याच्या ठिकाणी ‘क्रिटिकल थिंकिंग’ विकसित होईल. ही चिकित्सक विचारशक्ती प्रयोगशाळेत आणि कवितेच्या तासाला एकच असते काय, हे त्या दोन विभागांनी एकमेकांना सहसा विचारलेले नसते.

हे कलम आले कोठून? अभियांत्रिकी शिक्षणाच्या परस्परमान्यतेसाठी असलेल्या ‘वॉशिंग्टन करारा’चा भारत २०१४ साली पूर्ण सभासद झाला, आणि निष्पत्तींची भाषा आपल्या तांत्रिक महाविद्यालयांत रुजली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमांसाठी निष्पत्तींवर आधारलेली चौकट तयार केली. तीत पदवीधराच्या अंगी असावयाच्या गुणांमध्ये विषयज्ञान आणि संवादकौशल्य यांच्या जोडीला चिकित्सक विचाराला स्वतंत्र स्थान मिळाले. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीचा धिक्कार करून याच गुणाचा पुरस्कार केला. डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा आला, आणि २०२३-२४ पासून गोवा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आयोगाच्या या आराखड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाबाहेरचे तीन अभ्यासक्रम, एकूण ९ श्रेयांकांचे, घ्यावयाचे आहेत. भौतिकशास्त्राच्या मुलाने इतिहासाच्या वर्गात बसावे, वाणिज्याच्या मुलीने पर्यावरण शिकावे, अशी ही योजना. तेव्हा निरनिराळ्या विषयांना सामाईक असे काही आहे काय, हा प्रश्न आता तत्त्वचिंतकांच्या फुरसतीचा उरलेला नाही. तो वेळापत्रकात येऊन बसला आहे.

प्रत्यक्षात त्याची वासलात कशी लागते, हे महाविद्यालयांच्या कारभाराशी परिचय असलेल्यांना सांगावयास नको. एक तक्ता असतो. डाव्या बाजूस अभ्यासक्रमाची उद्दिष्टे, वरच्या बाजूस पदवीची उद्दिष्टे. प्रत्येक चौकटीत एक, दोन किंवा तीन यांपैकी आकडा भरावयाचा. चिकित्सक विचाराच्या रकान्यात तीन लिहिले की त्या अभ्यासक्रमाने तो गुण भरघोस दिला, असे समजावयाचे. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली बौद्धिक उद्दिष्टांची जी उतरंड मांडली, तिच्यावरून बेतलेली क्रियापदांची यादीही हाताशी असते. त्या यादीतून एखादे वजनदार क्रियापद उचलावे. काल प्रश्नपत्रिकेत ‘कारणे लिहा’ असे. आज ‘कारणांचे विश्लेषण करा’ असते. उत्तर तेच, गाइडातले, पाच मुद्द्यांचे. आणि गुणही मुद्द्यामागे एक, याच दराने. क्रियापद बदलले म्हणजे विचार बदलला, अशी सोयीची समजूत करून घेण्यास कोणाचीच हरकत नसते. प्राध्यापकांचा वेळ वाचतो, प्राचार्यांची फाइल पुरी होते आणि तपासणीस आलेल्या समितीला तक्ता पूर्ण भरलेला मिळतो. राहता राहिला विद्यार्थी, तर त्याला या तक्त्याचा पत्ताच नसतो.

या घोटाळ्याचे मूळ काही अंशी शब्दातच आहे. ‘क्रिटिकल’ म्हटले की आपल्याकडे ‘टीकात्मक’ हा शब्द पुढे येतो, आणि टीका म्हणजे दोष काढणे हा अर्थ आता मराठीत इतका मुरला आहे की, ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिली या वाक्याचा एखाद्या विद्यार्थ्याने भलताच बोध घेतला तर त्याला बोल लावता येणार नाही. टीका म्हणजे मुळात उलगडून सांगणे. ‘चिकित्सा’ हा शब्द त्यापेक्षा बरा. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो ती त्याचा पाणउतारा करण्यासाठी नव्हे, त्याला झाले आहे काय हे ठरवण्यासाठी. पण याहूनही नेमका शब्द आपल्याजवळ आहे, तो ‘विवेक’. ‘क्रिटिकल’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक धातूचा अर्थ वेगळे काढणे, निवाडा करणे असा आहे, ‘विवेक’ ज्या ‘विच्’ धातूपासून आला त्याचाही अर्थ वेगळे करणे हाच. सुपात धान्य पाखडणारी बाई करते ते काम. पुढे नीतीच्या उपदेशात या शब्दाला सदाचाराचा गंध लागला आणि बुद्धीच्या व्यवहारातले त्याचे मूळचे काम मागे पडले. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे पाडण्यासाठी होते ती वितंडा. दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या चर्चा पाहिल्या म्हणजे यांतील शेवटच्या दोन प्रकारांची परंपरा आपण किती निष्ठेने जपली आहे, याची खात्री पटते.

पाश्चात्त्य विद्वानांचीही या शब्दाचा अर्थ ठरवताना दमछाक झालेली आहे. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या पुढाकाराने ४६ तज्ज्ञांनी अनेक फेऱ्यांत मते जुळवून १९९० साली एक सर्वसंमत व्याख्या सिद्ध केली. अर्थ लावणे, विश्लेषण, मूल्यमापन, अनुमान, स्पष्टीकरण आणि स्वतःच्या विचारावर स्वतःच देखरेख ठेवणे, अशी सहा कौशल्ये त्यांनी सांगितली. व्याख्या चांगलीच आहे. परंतु त्या ४६ जणांत निम्म्याहून अधिक मंडळी तत्त्वज्ञानाची होती आणि भौतिक विज्ञानांची अगदी थोडी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यापूर्वीच, १९८१ साली, जॉन मॅकपेक यांनी आपल्या ग्रंथात उलट बाजू मांडली होती. विचार हा नेहमी कशाबद्दल तरी असतो. कोणत्याच विषयाचा नसलेला असा निव्वळ चिकित्सक विचार शिकवता येतो ही कल्पनाच पोकळ आहे, असे त्यांचे म्हणणे. रोगनिदानात निष्णात असलेला डॉक्टर जमिनीच्या व्यवहारात सहज फसतो, हा अनुभव आपल्याकडेही दुर्मीळ नाही.

आम्हांला मॅकपेक यांचे म्हणणे निम्मे पटते. पुरावा प्रत्येक विषयाचा निराळा असतो, हे खरे. गणितात हजार उदाहरणे जुळली तरी सिद्धता होत नाही, आणि एकच विरोधी उदाहरण सिद्धांत पाडते. रसायनात एकाला मिळालेला निकाल दुसऱ्याने तोच प्रयोग केला असता मिळावा लागतो. इतिहासात प्रयोग पुन्हा करता येत नाही. तेथे कागद कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला हे पाहावे लागते. हिशेबतपासनिसाला व्हाउचर लागते. कवितेचे अर्थ एकाहून अधिक असू शकतात, परंतु प्रत्येक अर्थ कवितेतल्या शब्दांनी पेलला पाहिजे. मनात आले म्हणून कोणताही अर्थ तिला चिकटवता येत नाही. पुरावे असे नाना तऱ्हांचे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे येतात, तो प्रश्न सर्वत्र एकच आहे, आणि मराठीत त्याला एक शब्द पुरतो: कशावरून?

तेव्हा महाविद्यालयांना सामाईक व्याख्याच हवी असेल तर आम्ही ती अशी करू. एखादे विधान, मग ते दुसऱ्याचे असो वा स्वतःचे, कशाच्या आधारावर उभे आहे, तो आधार पुरेसा आहे काय, आणि कोणती गोष्ट नव्याने कळली असता आपण ते सोडून देऊ, हे त्या त्या विषयाच्या पुराव्यानिशी सांगता येणे, म्हणजे चिकित्सक विचार. यातला पहिला भाग थोडाफार शिकवला जातो. दुसरा क्वचित. तिसरा जवळजवळ नाहीच. कारण मत बदलणे हा आपल्याकडे दुबळेपणा समजला जातो, घरात, पक्षात आणि विद्वत्सभेतही.

हे कोरडे तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून घरचेच एक उदाहरण घेऊ. मांडवी-झुआरीच्या आणि इतर नद्यांच्या मुखांलगत बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाजन जमीन गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. (हा आकडा तरी कशावरून, असे विचारण्यास वाचकांस पूर्ण मोकळीक आहे.) भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानस, पावसाळ्यात भात, आतल्या पाण्यात मासळी, मानशीची पावणी, आणि बांधांवर देखरेख ठेवणारी गावकारी, अशी ही शतकानुशतकांची व्यवस्था आज पुष्कळ ठिकाणी मोडली आहे. बांध फुटले, खारे पाणी शेतात शिरले, भात गेले आणि खारफुटी माजली. ही व्यवस्था मोडली का?

गावात विचारले तर चार तयार उत्तरे मिळतात. १९६४ च्या कूळ कायद्याने गावकारीची सत्ता गेली आणि बांधाला वाली उरला नाही, असे एक जण सांगतो. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनी बांध पोखरले, असे दुसरा. शेतीला माणूस मिळेनासा झाला, तरुण बोटीवर किंवा आखातात गेले, असे तिसरा. आणि चौथा, आवाज जरा खाली आणून, सांगतो की भातापेक्षा कोळंबीला पैसा अधिक, म्हणून खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाते. चारही उत्तरांत तथ्य असणे शक्य आहे. परंतु बोलणारा भाटकार की कूळ, खाणवाला की पावणी घेणारा, हे कळले की तो कोणते उत्तर देईल हे आपण त्याने तोंड उघडण्यापूर्वीच सांगू शकतो. महाविद्यालयाचे काम येथून सुरू व्हावयास हवे.

रसायनाच्या विद्यार्थ्याने मातीतले क्षार अवश्य मोजावेत. पण नमुना कोणत्या महिन्यात घेतला, हे त्याला विचारले पाहिजे. पावसाने क्षार धुऊन जातात. एका शेताचा मे महिन्यातला आकडा आणि दुसऱ्याचा सप्टेंबरमधला आकडा शेजारी ठेवून कोणाचा बांध फुटका, हे ठरवता येत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने खारफुटीच्या वाढीवरून खारे पाणी साधारण केव्हापासून आत येत असावे याचा अंदाज करावा. आणि तो काळ १९६४ च्या आधीचा निघाला, तर त्या गावापुरते पहिले उत्तर मागे घ्यावे लागेल, हेही त्याने मान्य करावे. ज्या गावासमोरून बार्जी कधी गेल्याच नाहीत तेथलेही बांध तेवढेच फुटले असतील, तर दुसऱ्या उत्तराला धक्का बसतो. हे भूगोलाने तपासावे. त्यास नकाशा आणि दोन पाय यांखेरीज फारसे काही लागत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहावे की पावणीचा पैसा कोणाच्या हाती जातो आणि बांधाचा खर्च कोणावर पडतो. हे दोघे एकच आहेत, की निराळे. निराळे असतील, तर बांध दुरुस्त का होत नाही याचे निम्मे उत्तर तेथेच मिळेल.

इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढचे काम याहून अवघड, कारण त्याला आपल्या अभिमानालाच हात घालावा लागतो. गावकारी म्हणजे प्राचीन ग्रामलोकशाही, असे आपण सभांतून ऐकत आलो आहोत. कशावरून? तिच्या रूढींची जुनी लिखित नोंद म्हणून ज्याचा हवाला दिला जातो ते १५२६ चे ‘फोराल’ आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने सिद्ध केले, आणि ते महसूल हवा असलेल्या राज्यकर्त्यासाठी लिहिलेले होते. शिवाय गावकाराचा हक्क वंशपरंपरेने पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारा. बांधावर माती टाकणाऱ्या हातांची त्या दस्तऐवजात कितीशी दखल असणार? गावकारीने बांध उत्तम राखले हे खरे असू शकते, आणि ती लोकशाही नव्हती हेही खरे असू शकते. दोन्ही विधाने एकाच वेळी हाती धरता येणे, हा पदवीधराकडून अपेक्षावा असा अगदी साधा गुण आहे.

आणि भाषेचा विद्यार्थी? त्याला या वर्णनात जागाच नाही असे कोणी समजू नये. एखाद्या प्रस्तावात खाजनाचे वर्णन ‘पडीक जमीन’ असे येते. पडीक हे विशेषण मोठे लबाड आहे. जमीन आपण होऊन पडली, की कोणी पाडून ठेवली, हे सांगण्याचे ओझे ते हलकेच झटकून टाकते. ‘परिणाम नगण्य असेल’ हे वाक्यही तसेच: नगण्य कोणाच्या गणतीत? वाक्यातून कर्ता कसा नाहीसा केला जातो हे ओळखणे वाङ्मयाच्या वर्गाचे काम नव्हे, तर कोणाचे?

यात खरोखर पणास काय लागले आहे, हे गोमंतकीय वाचकांस वेगळे सांगावयास नको. जमीन, पाणी आणि डोंगर यांविषयीचे निर्णय येथे कागदावर होतात. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांवर जनसुनावणीची तरतूद केली आहे. सुनावणीला गर्दी होते, घोषणा होतात, क्वचित खुर्च्याही उडतात. पण शेकडो पानांचा अहवाल वाचून, ‘पृष्ठ अमुकवरील पाण्याचा नमुना कोठे आणि कोणत्या ऋतूत घेतला?’ असे शांतपणे विचारणारा एक पदवीधर त्या सभेत उभा राहिला, तर अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराची जी तारांबळ उडते ती शंभर घोषणांनी उडत नाही. असे पदवीधर दर तालुक्यात पन्नास निघावेत, एवढ्यासाठी तरी या निष्पत्तीच्या कलमाकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

निरनिराळ्या शास्त्रांचे पुरावे एका प्रश्नाभोवती आणून बसवणे कोणाला जमले आहे काय, अशी शंका येईल. गोव्यातच १९०७ साली जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांना ते जमले होते. हा मनुष्य व्यवसायाने गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणित केले. प्राचीन आहत नाण्यांकडे ते वळले तेव्हा त्यांनी नाण्यावरील चिन्हांइतकेच महत्त्व त्याच्या वजनाला दिले. नाणे हातोहात फिरताना झिजते. म्हणून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज झिजेवरून संख्याशास्त्राने करता यावा, हे त्यांचे गृहीत. परंतु झीज अशी नियमाने होते हे कशावरून, असे स्वतःलाच विचारून त्यांनी आपल्या काळच्या बाजारात फिरणारी हजारो नाणी तोलून पाहिली. आमच्या मते साऱ्या कथेतला मौल्यवान भाग हा आहे. भर्तृहरीच्या सुभाषितांची संशोधित आवृत्ती सिद्ध करणारे आणि दख्खनच्या माळांवर अश्मयुगीन हत्यारे वेचणारे कोसंबी हेच. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या ग्रंथातील अनेक निष्कर्षांशी पुढच्या इतिहासकारांनी मतभेद दाखवले, आणि ते बहुतांशी त्यांच्याच मार्गाने, पुराव्याला पुराव्याने उत्तर देऊन दाखवले. त्यांच्या नावाने २००८ पासून पणजीत विचारमहोत्सव भरत आला आहे आणि व्याख्यानांना श्रोतेही चांगले जमतात. कोसंबींच्या नाण्यांचा तराजू मात्र महाविद्यालयाच्या वर्गात अजून पोहोचावयाचा आहे.

तो पोहोचावा कसा? येथे अमेरिकेतला एक अनुभव उपयोगी पडेल. रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ शिक्षणसंस्थांतील २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांची महाविद्यालयात प्रवेश करताना आणि दोन वर्षांनंतर अशी परीक्षा घेतली. या प्रकारच्या परीक्षेत पाठांतराला वाव नव्हता. एखाद्या कंपनीला छोटे विमान घ्यावयाचे आहे, तशाच एका विमानाला नुकताच अपघात झाला आहे. वृत्तपत्रातील बातमी, अपघाताचा अहवाल, अंतर्गत पत्रे असे कागद हाती द्यावयाचे आणि विमान घ्यावे की नाही यावर टिपण लिहावयास सांगावयाचे, असे तिचे स्वरूप. दोन वर्षांच्या शिक्षणानंतर ४५ टक्के विद्यार्थ्यांत दखल घेण्याजोगी प्रगती आढळली नाही. या परीक्षेच्या मोजमापावर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते घेतले जावेत हे योग्यच. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे: ज्या विद्यार्थ्यांना आठवड्याला ४० पाने वाचावी लागत आणि सत्रात एकूण २० पाने लिहावी लागत, त्यांची प्रगती अधिक झाली. चिकित्सक विचारावरचे व्याख्यान ऐकून चिकित्सक विचार येत नाही, पोहण्यावरचे व्याख्यान ऐकून पोहता येत नाही तसा. वाचावे लागते, लिहावे लागते, आणि लिहिलेले कोणी तरी काळजीपूर्वक वाचून समासात ‘कशावरून?’ असे लिहावे लागते.

आमच्या विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण आहे, आणि धोरणाच्या कागदांत तिचा विचार अपुरा आहे. सरकारी प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणी माध्यमातून शिकलेला मुलगा पाचवीपासून इंग्रजीत जातो. बाजारात मासळीचा भाव ऐकून ‘ही ताजी कशावरून?’ असे धडाक्याने विचारणारी मुलगी महाविद्यालयाच्या वर्गात मुकी होते, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. शंकेचे इंग्रजी तिच्याजवळ नाही म्हणून. उत्तराचे इंग्रजी पाठ करता येते, शंकेचे येत नाही. शंका जेथल्या तेथे, आपल्या शब्दांत सुचावी लागते. वर्गातील चर्चा मराठीत किंवा कोकणीत झाली आणि लेखन इंग्रजीत झाले, तर आकाश कोसळणार नाही. पुष्कळ प्राध्यापक हे करतातच. फक्त तपासणीच्या दिवशी तेवढे लपवतात.

तरुणांना शंका घ्यावयास शिकवण्याची गरजच काय, आज ते कशावरच विश्वास ठेवत नाहीत, असेही आम्ही ऐकतो. वृत्तपत्रे विकली गेली, न्यायालये विकली गेली, डॉक्टर लुटारू, निवडणूक नाटक, ही भाषा कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास चालते. पण सरसकट अविश्वास आणि आंधळा विश्वास ही सख्खी भावंडे आहेत. कोणत्याच वृत्तपत्रावर विश्वास न ठेवणारा हाच तरुण मोबाइलवर आलेला, कोणी लिहिला हे ठाऊक नसलेला मजकूर दहा जणांना पाठवून मोकळा होतो. त्याच्याजवळ शंका आहे. शंकेला लागणारे वजनमाप नाही. त्यात आता भर पडली आहे ती प्रश्न टाकताच क्षणात नीटनेटका निबंध लिहून देणाऱ्या संगणकीय यंत्रांची. पाच मुद्द्यांचे उत्तर ही यंत्रे कोणत्याही गाइडापेक्षा चांगले लिहितात. कधी कधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचा हवाला देऊन ते लिहितात. म्हणजे मुद्द्यामागे एक गुण देणाऱ्या परीक्षेत यंत्र पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणार, यात संशय नाही.

प्राध्यापकांचीही बाजू आहे. तासांवर पैसे मिळणाऱ्या, पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही हे ठाऊक नसलेल्या तरुण शिक्षकाकडून साठ-सत्तर विद्यार्थ्यांचे निबंध बारकाईने तपासण्याची अपेक्षा करणे अन्याय्य आहे. आणि प्रश्न विचारणारा विद्यार्थी आवडतो असे म्हणणे सोपे; तो देवस्थानच्या हिशेबाविषयी, पंचायतीच्या ठरावाविषयी किंवा संस्थाचालकांच्या एखाद्या निर्णयाविषयी प्रश्न विचारू लागला की पहिली तक्रार प्राचार्यांच्या टेबलावर येते. १९६१ पूर्वी या भूमीत ‘कशावरून?’ विचारणाऱ्यास सेन्सॉरची कात्री होती आणि प्रसंगी आग्वादचा तुरुंगही. आज तुरुंग नाही. बदली आहे, करार न वाढवणे आहे, सभागृहाची परवानगी आयत्या वेळी नाकारणे आहे. ही निष्पत्ती ज्या संस्थांना खरोखरच हवी असेल, त्यांनी अशा वेळी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी ठेवावी. नपेक्षा ते कलम माहितीपत्रकातून काढून टाकावे. ते अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

तोपर्यंत, निधी न मागता आणि समिती न नेमता करता येण्याजोगी एक गोष्ट सुचवतो. येत्या सत्रात प्रत्येक विभागाने आपल्या प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न असा घालावा: एक विधान, त्यासोबत दोन परस्परविरोधी कागद किंवा एक छोटा आकड्यांचा तक्ता, आणि विचारावे की हे विधान कितपत टिकते, आणि निश्चित सांगण्यासाठी तुम्हांला आणखी काय माहीत हवे. खाजनाचा प्रश्नच घालावयाचा तर, क्षारांचा एक तक्ता आणि गावकारीच्या एका ठरावाचा उतारा पुरे. परीक्षेनंतर अशा उत्तरांपैकी दहा काढून चार निरनिराळ्या विभागांच्या प्राध्यापकांनी एका दुपारी, नावे झाकून, स्वतंत्रपणे तपासावीत आणि मग गुण टेबलावर मांडावेत. आकडा दिला नाही म्हणून रसायनवाले दोन गुण देतील. कागदावर नेमकी शंका घेतली म्हणून इतिहासवाले त्याच उत्तराला आठ देतील. अर्थशास्त्रवाले विचारतील की खर्चाचा उल्लेख कोठे आहे. भांडण होईल. व्हावयासच हवे. सामाईक निष्पत्ती म्हणजे काय, याची चर्चा त्या दुपारी प्रथमच सुरू झालेली असेल, आणि ती काही ठिकाणावर येईपर्यंत तक्त्यातील तो तीनचा रकाना कोरा ठेवावा.